बेस्तरवारचं पाणी

सोपाननाना मला आवडायचे असं काही नाही. ते घरमालक होते, तोंडाने फटकळ होते, आणि सकाळी कुणाच्या दारापुढे पाणी सांडलेलं दिसलं की अख्ख्या चाळीचा उद्धार करायचे. मी त्यांच्या चाळीत अकरा वर्षं काढली. त्या अकरा वर्षांत ते माझ्याशी कधी गोड बोलले असतील तर मला आठवत नाही.

पण मागच्या आठवड्यात आमच्या आकुर्डीच्या बिल्डिंगमध्ये सकाळीच लाइट गेली. थंडी कडक होती. वरच्या मजल्यावरची बाई जिन्यात उभी राहून येईल त्याला विचारत होती, गिझर बंद, आता अंघोळ कशी करायची? तेव्हा मला नाना आठवले. ते असते तर तिला म्हणाले असते, "एक दिस न्हाई अंघूळ केली तर तुझं काय दूध आटतंय का?" बाईमाणूस समोर आहे म्हणून जीभ आवरायची, हे त्यांना माहीत नव्हतं. त्यांच्या डोक्यात पाणी म्हटलं की आधी म्हैस यायची, माणसं नंतर.

चाकणच्या अलीकडे, मोठ्या रस्त्यापासून जरा आत त्यांचं गाव. गाव म्हणायचं म्हणून. चारी बाजूंनी कंपन्या, मधे घरं. शेतं कंपन्यांत गेलेली. नानांच्याकडे राहतं घर, त्यामागे दहा खोल्यांची पत्र्याची चाळ आणि चाळीला लागून गोठा एवढं उरलं होतं. गोठ्याची एक भिंत म्हणजे कंपनीचं कंपाउंड. अलीकडे म्हशी रवंथ करायच्या आणि पलीकडे प्रेस मशीन धाडधाड चालायची. मी आले तेव्हा चार म्हशी होत्या. नानांची बायको त्याआधीच गेलेली. मुलगा सचिन आणि सून घरात. माझा नवरा वारल्यावर मी पलीकडच्याच कंपनीच्या कँटीनमध्ये पोळ्या लाटायला लागले होते. कामाला जवळ म्हणून ती खोली घेतली.

नाना उंच, वाळके. धोतर, आणि थंडीत त्यावर कुण्या भाडेकरूने जाताना टाकून दिलेलं कंपनीचं निळं जाकीट. पाठीवर 'सुरक्षा प्रथम' असं छापलेलं. त्या जाकिटाची उजवी बाही कायम कोपरापर्यंत दुमडलेली आणि ओली असायची. पहिले काही दिवस मला वाटलं, म्हाताऱ्याचा हात दुखत असेल. मग कळलं की ते दिवसातून चार-पाच वेळा हौदात हात घालतात. नुसती बोटं बुडवायची नाहीत. कोपरापर्यंत हात आत, तळाशी न्यायचा, एकदा ढवळायचा, आणि तोंडाने एक शब्द. "हाय." म्हणजे पाणी म्हशीला चालेल. किंवा "न्हाई." म्हणजे नाही. तिसरा शब्द नव्हता.

मी एकदा म्हटलं, "नाना, पाण्यात एवढं काय बघायचं असतं? तहान लागली की जनावर पितं."

"तुमी गार चहा पिता का?"

"नाही."

"मग तिनं का प्यावं?"

ज्यांनी जनावर ठेवलं नाही त्यांच्यासाठी सांगते. थंडीत बोअरचं पाणी वर येतं तेव्हा कोमट असतं. पहाटे मोटर चालू केली की पाइपच्या तोंडातून वाफा निघतात. म्हैस ते घटाघटा पिते. पण तेच पाणी सिमेंटच्या हौदात रात्रभर पडलं की सकाळी असं होतं की दातातून कळ जाते. म्हैस नाक लावते, फुर्र करते आणि मान वर घेते. पाणी कमी गेलं की त्या वेळचं दूध कमी. दोन दिवस कमी गेलं की शेण वाळतं, आणि नुकती व्यालेली असली तर पोट धरून बसते. म्हणजे थंडीत ताजं पाणी पाहिजे, ताज्या पाण्याला मोटर पाहिजे आणि मोटरला लाइट पाहिजे. नानांचं सगळं आयुष्य त्या लाइटपाशी येऊन अडकलेलं होतं, आणि ती त्यांच्या हातात नव्हती.

आमच्या भागात कंपन्यांना सुट्टी गुरुवारी. दुरुस्तीसाठी लाइटही गुरुवारीच जायची. सकाळी गेली की कधी दुपारी यायची, कधी दिवेलागणीला. नाना गुरुवार म्हणत नसत, बेस्तरवार म्हणायचे, आणि ते नाव घेताना तोंड असं करायचे जसं कुणी भाऊबंद कोर्टात उभा आहे.

"कंपनीला सुट्टी, लायटीला सुट्टी," ते म्हणायचे. "माझ्या म्हशीला कोन सुट्टी देतंय का? एक दिस तहान बंद, असं?"

त्यांच्या एका म्हशीचं नावही बेस्तरी होतं. गुरुवारी सकाळी, लाइट गेलेली असताना जन्मली म्हणून. सचिन हसायचा. म्हणायचा, नाना, शत्रूचं नाव कुणी घरात ठेवतं का?

बुधवारी संध्याकाळी नानांची तयारी चालायची. दुधाचे चार मोठे कॅन ते बोअरच्या ताज्या पाण्याने भरायचे, झाकणं घट्ट लावायचे आणि गोठ्यामागच्या उकिरड्यात फावड्याने खड्डे करून गळ्यापर्यंत पुरायचे. वरून शेण आणि गवताचा चुरा. उकिरडा आतून किती गरम असतो ते मी तिथेच पाहिलं. गुरुवारी सकाळी कॅन उपसले की हाताला ऊब लागायची. कॅन धुऊन पुसून मगच झाकण उघडायचे. ते पाणी हौदातल्या पाण्यात मिसळायचं, कोपर घालायचं आणि "हाय."

चाळीत नवीन आलेले लोक नाकाला रुमाल लावायचे. कोकणातली एक जाधवीण माझ्या शेजारच्या खोलीत होती. ती म्हणाली, "नाना, तुमचो गिझर वास मारता हो."

नाना म्हणाले, "तुझ्या गिझरला लाइट लागती. माझ्याला नुसतं शेण लागतं. आज लाइट न्हाई, शेण हाय. कुणाचा चांगला?"

त्या दिवशी जाधविणीनेही गार पाण्यानेच अंघोळ केली होती.

सचिन काही वाईट मुलगा नव्हता, हे मी मुद्दाम लिहिते. अशा गोष्टीत मुलगा वाईट निघाला की ऐकणाऱ्याला सोपं जातं. तो कंपनीत कंत्राटावर होता, तीन शिफ्टमध्ये फिरायचा, आणि बापासाठी जमेल ते करायचा. एकदा त्याने कंपनीच्या भंगारातून थर्मोकोलचे जाड तुकडे आणले आणि हौदाला बाहेरून चिकटवले. म्हणाला, मशीन यातच पॅक होऊन येतात, ऊन-थंडी लागत नाही. खरोखर दोन दिवस पाणी कमी गार झालं. तिसऱ्या दिवशी हौदाची एक बाजू उघडी होती आणि बेस्तरीच्या मिशांना पांढरे मणी लागले होते. त्या बाजूचं सगळं तिने खाल्लं होतं.

नाना सचिनला एक शब्द बोलले नाहीत. पुढचे चार दिवस काठी घेऊन तिचं शेण उकरून बघायचे आणि अंगणातून ओरडून घरात सांगायचे, "पांढरं आलं!" सून आत जेवायला वाढत असायची. चौथ्या दिवशी ती बाहेर येऊन म्हणाली, "मामा, आता आलं तरी सांगू नका."

मोठी फजिती झाली ती गेटवर. एका थंडीत केबल तुटली आणि गुरुवार नसताना, मधल्या वारीच दोन दिवस लाइट नव्हती. कंपनीत जनरेटर चालू. आमच्या कँटीनच्या बॉयलरमध्ये सकाळी भांडी धुवायला पाणी तापायचं आणि उरलेलं गटारात जायचं. मी हे एकदा बोलता बोलता नानांना सांगितलं होतं. माझी चूक. ते दोन बादल्या घेऊन थेट गेटवर हजर. मी तेव्हा आत शिरायला रांगेत होते, म्हणून सगळं ऐकलं.

वॉचमन बीडकडचा, नवीन. त्याच्यापुढे रजिस्टर. "बाबा, काय पाहिजे?"

"ऊन पाणी. कँटीनचं. सांडून देता ते."

"बाहेर काही न्यायचं तर गेट पास लागतो. मटेरियलचं नाव?"

"पाणी."

"कशासाठी?"

"म्हशीसाठी."

तो लिहीत होता, हे विशेष. मग त्याने पुढचा रकाना वाचला. "रिटर्नेबल का नॉन-रिटर्नेबल?"

"म्हंजी?"

"म्हणजे माल परत येणार का नाही?"

नानांनी जरा विचार केला. "यील की. पर रंग बदलून यील."

सगळी रांग हसली. वॉचमनही हसला आणि त्याने आत फोन लावला. आतून साहेबाने सांगितलं की बाहेरच्या माणसाला काही द्यायचं नाही, उद्या म्हैस मेली तर कंपनीवर येईल. वॉचमनने रजिस्टरमधली ओळ खोडली. नाना म्हणाले, "मग ते गटारात सोडताय त्याचा पास कोन करतंय?" ते रिकाम्या बादल्या घेऊन परत गेले. जाताना माझ्याकडे पाहिलं. मी मधे पडले नाही. सुपरवायझर तिथेच उभा होता आणि नोकरी माझी होती.

पुढच्या वर्षांत एकेक गोष्ट जात गेली. कंपनीने कंपाउंडला लागून उंच शेड बांधली. तिने गोठ्यावरचं सकाळचं ऊन घेतलं. आधी हौदावर आठ वाजता ऊन यायचं, ते बारापर्यंत येईना झालं. मग समोर फ्लॅटची बिल्डिंग झाली. त्या लोकांनी वासाची तक्रार केली, ग्रामपंचायतीची माणसं आली, आणि उकिरडा काढावा लागला. त्या जागेवर सचिनने चार खोल्या काढल्या. चूक कुणाची होती? वासाच्या शेजारी कुणाला राहायला आवडतं? मलाही आवडत नव्हतं. म्हशी चाराच्या तीन, तिनाच्या दोन झाल्या, आणि शेवटी बेस्तरी राहिली.

मग नानांच्या अंगावरून वारं गेलं. सकाळी धार काढता काढता उजव्या बाजूला कलंडले. दवाखान्यात पंधरा दिवस होते. परत आले तेव्हा तोंड जरा वाकडं होतं, तेही महिन्याभरात सरळ झालं. पाय ओढत का होईना चालायला लागले. उजवा हात वाचला म्हणून सगळ्यांना बरं वाटलं. दावं बांधायचे, धार काढायचे, बाही दुमडून हौदात कोपर घालायचे. सगळं पहिल्यासारखं.

एकदा मी त्यांना स्टीलच्या पेल्यात चहा दिला. चुलीवरून उतरवलेला, मला पदराने धरावा लागत होता. त्यांनी तो उजव्या मुठीत धरला आणि सावकाश प्यायले. सचिन म्हणाला, "बघा मावशी, हाताला घट्टे पडलेत नानांच्या, चटका पण बसत नाही." मलाही तेच वाटलं. दणकट म्हातारा आहे, असं मी जाधविणीला जाऊन सांगितलं.

त्या वर्षी थंडीत बेस्तरी व्याली. रेडकू चांगलं होतं. व्याल्यावर आठवडाभर तिला कोमट पाणीच लागतं, आणि नेमका पाचव्या दिवशी, सोमवारी सकाळी कोपऱ्यावरचा ट्रान्सफॉर्मर मोठा आवाज करून जळाला. दुसरा वरून मंजूर होऊन येणार होता. कधी, ते कुणी सांगेना.

नानांना लाइटच्या ऑफिसचा नंबर पाठ होता. ते ओट्यावर बसून फोन लावायचे आणि आवाज मोठा ठेवायचे, म्हणून चाळीला दोन्ही बाजूंचं बोलणं ऐकू यायचं.

"साहेब, म्हैस व्याल्याली हाय."

"बाबा, कनेक्शन घरगुती आहे का कमर्शियल?"

"म्हैस हाय साहेब."

"तक्रार नोंदवली आहे."

"ती कालबी नोंदवली हुती. आज काय यिनार?"

"नोंदवली आहे बाबा."

भिंतीपलीकडे कंपनी जनरेटरवर चालू होती. तिच्या शेडचे दिवे दिवसाढवळ्या जळत होते आणि प्रेस धाडधाड करत होती. अलीकडे आम्ही मोबाइल चार्ज करायला फाट्यावरच्या हॉटेलात जात होतो.

सचिनने मंगळवारी टँकर आणला. हौद भरला. तो म्हणाला, "नाना, टँकरचं पाणी गार आहे. घरातल्या गॅसवर दोन पातेली तापवून टाकू का?"

नानांनी बाही दुमडली. कोपर आत घातलं, तळापर्यंत नेलं, ढवळलं. "हाय."

"गार नाही?"

"हात घालून बघितलंय ना मी? कोमट हाय. गॅस कशाला जाळतो उगा."

सचिन शिफ्टला गेला. नानांनी हात घालून बघितलंय म्हटल्यावर पुढे बोलायचं काही राहत नसे. त्याने लहानपणापासून तो हात कधी चुकलेला पाहिला नव्हता. मी अकरा वर्षांत पाहिला नव्हता.

बेस्तरीने नाक लावलं, फुर्र केलं आणि मान वर घेतली.

बुधवारी दूध निम्म्यावर आलं. ती रवंथ करेना. शेण गोवरीसारखं कोरडं पडायला लागलं. नानांना वाटलं, आत काही बिघडलं. जनावरांचा डॉक्टर आला. त्याने पोट दाबून पाहिलं, इंजेक्शन दिलं, एक औषध बाटलीने पाजलं.

"पाणी पितेय का?"

"दोन घोट. पानी चांगलं हाय, तिलाच जाईना."

"गार देऊ नका."

"गार कुटंय? बघितलंय मी."

डॉक्टर बॅग उचलून गेला. त्याने हौदात हात घातला नाही. मीही तिथेच उभी होते, मीही घातला नाही. नानांनी घातलेला होता. त्या दोन दिवसांत ते दर तासाला घालत होते. तिच्या तोंडाशी बसून म्हणत होते, "पी गं. पी की माय. चांगलं हाय." ती त्यांच्याकडे बघायची आणि पाण्याकडे बघायची नाही. मला त्या म्हशीचाच राग आला होता, खरं सांगते.

गुरुवारी मला सुट्टी. सकाळी किटली घेऊन दुधाला गेले. नाना म्हणाले, "दूध न्हाई. रेडकालाच पुरंना." बेस्तरी बसलेली होती. डोळे आत गेलेले. किटलीला काल रात्रीचं काही लागलं होतं, म्हणून मी ती हौदात बुडवून विसळायला गेले. मनगटापर्यंत हात पाण्यात गेला आणि मी तो बाहेर ओढला. हाडापर्यंत कळ गेली.

मी म्हटलं, "नाना, हे पाणी बर्फ आहे."

"कोमट हाय."

"अहो, माझी बोटं बधिर झाली."

ते चिडले. उठून आले, बाही आधीच वर होती, हात घातला. कोपरापर्यंत. ढवळला. "हे काय. तुमाला सवय न्हाई."

मला तो चहाचा पेला आठवला. मी म्हटलं, "डावा घाला."

"काय?"

"डावा हात घाला नाना."

डाव्या हाताची बाही न दुमडताच त्यांनी हात पाण्यात घातला आणि तसाच झटक्याने बाहेर काढला. पुन्हा उजवा घातला. पुन्हा डावा. असं तीन-चार वेळा केलं. पाणी त्यांच्या धोतरावर, पायांवर सांडत होतं. शेवटी दोन्ही हात एकदम आत घालून उभे राहिले. तोंडाने काही नाही. हाय नाही आणि न्हाईही नाही.

मी चाळीत जाऊन ओरडले. प्रत्येक घरातून एकेक पातेलं तापवून आणा म्हटलं. जाधवीण म्हणाली, "माझो सिलिंडर संपत इलो हा," पण सगळ्यात मोठं पातेलं तिचंच आलं. सचिनच्या बायकोने दोन शेगड्या लावल्या. मी बादलीत गरम-गार मिसळत होते. नाना मागे भिंतीला टेकून उभे होते. मी कोपर घातलं. त्यांनी विचारलं, "हाय?"

मी म्हटलं, "हाय."

बेस्तरी बसल्या जागी दोन बादल्या प्यायली. तिसरी अर्धी. पिण्याचा आवाज गोठाभर येत होता. नाना तिच्याजवळ आले नाहीत. दुपारी ती उठून उभी राहिली. लाइट शुक्रवारी आली. म्हैस वाचली, दूध मात्र त्या वेताला पुन्हा वर चढलं नाही.

त्यानंतर आठ दिवसांनी नाना सचिनला म्हणाले, बेस्तरी द्यायची. आम्हाला सगळ्यांना वाटलं होतं की गोठा काढायचा विषय सचिनने काढला तर म्हातारा काठी घेईल. सचिनने विषय काढलाच नाही. उलट तो म्हणाला, "नाना, मी बघत जाईन पाणी." सून म्हणाली, मी बघेन. मीही म्हटलं, "डावा चांगला आहे ना? डाव्याने बघत जा."

"बघीन," नाना म्हणाले. "पर ह्यो कवा मेला ते मला कळलं न्हाई बाई. तीन दिस मी तिला म्हणत हुतो, पी, चांगलं हाय. उद्या डावा मेला तर मला कोन सांगनार? ती तर बोलत न्हाई."



घेणारे आले. नाना प्रत्येकाला एकच विचारायचे, "पानी कशावर हाय?"

"बोअर आहे, पाच एचपीची मोटर," पहिला अभिमानाने म्हणाला. नानांनी त्याला चहा पाजून वाटेला लावलं. दुसऱ्याकडे दोन मोटरी होत्या. तिसऱ्याकडे सोलर होतं. तो म्हणाला, लाइट गेली तरी चालतं. नाना म्हणाले, "ढग आल्यावर?" सचिन कपाळाला हात लावून बसला. "नाना, मोटर नसलेला माणूस आता कुठून आणू मी?"

तो माणूस आपणच आला. मावळात आत, धरणाच्याही पलीकडचं जोडपं. नवरा मुका नव्हता, पण बोलत बायकोच होती. नानांनी तिला विचारलं, "पानी कशावर?"

"कशावर म्हंजी? डोंगरातनं येतं. झरा हाय."

"बारमाही?"

"व्हय."

"थंडीत?"

"थंडीत वाफा निगत्यात त्याच्यातनं सकाळी."

नाना उठले आणि दावं सोडायला लागले. बाकी काही विचारलं नाही. टेम्पो आला, बेस्तरी चढली, रेडकू चढलं. फळी लावायच्या आधी नानाही मागे चढले. सचिन म्हणाला, "तुम्ही कुठं?" ते म्हणाले, "झरा बघून येतो."

त्याच आठवड्यात आमच्या कँटीनचा ठेकेदार बदलला आणि त्याने स्वतःच्या बायका आणल्या. मुलगी आकुर्डीला राहते, ती म्हणाली, आई, आता बास. मी दोन पिशव्या आणि एक ट्रंक घेऊन फाट्यावर बसची वाट बघत होते. नाना जाऊन दोन दिवस झाले होते. समोरून चाकणकडून आलेली बस थांबली आणि त्यातून ते उतरले. निळं जाकीट, बाह्या दोन्ही खाली. पुढे पावसाळ्यात ते गेल्याचं सचिनने मुलीच्या फोनवर कळवलं, म्हणजे ही आमची शेवटची भेट.

"निघाला का?" ते म्हणाले.

"निघाले. झरा कसा आहे?"

"झरा चांगला हाय. डावा घालून बघितला."

"प्याली का?"

ते रस्त्याकडे बघायला लागले. डंपर जात होते, धूळ उडत होती. "मी हुतो तवर न्हाई," ते म्हणाले. "दोन दिस. पान्यापाशी न्यायचे तर मागं वळून माझ्याकडं बघायची. मी म्हनलं, पी. तर तोंडच फिरवायची. ती बाई म्हनली, बाबा, तुमी दिसताय तवर ही तोंड लावायची न्हाई. तुमी जा, मग पिईल."

"मग?"

"मग आलो."

माझी बस दिसायला लागली होती. मी पिशव्या उचलल्या. म्हटलं, "सचिनला सांगा फोन करून विचारायला. नंबर असेल ना त्यांचा?"

"नंबर हाय. लावू नको म्हनून सांगनार हाय त्याला."

"का हो?"

"न्हाई प्याली म्हनले, तर मी काय करनार?"

बस थांबली. कंडक्टर ट्रंकेवरून भांडायला लागला, त्यात माझं लक्ष गेलं. खिडकीशी बसून पाहिलं तर नाना रस्ता ओलांडायला म्हणून मधोमध गेले होते आणि तिथेच, बस आली त्या वाटेकडे मागे वळून बघत उभे होते. दोन्ही बाजूंनी गाड्या हॉर्न देत होत्या.